ताटातील कर्बोदके आणि डोळ्यातील भिंग

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला मोतीबिंदूची पहिली चाहूल पुष्कळदा अक्षरांतून लागत नाही, रंगांतून लागते. शुभ्र पांढरे आणि मोतिया अशी दोन थाने शेजारी शेजारी उलगडली, तर दोन्ही एकाच रंगाची वाटू लागतात. गडद निळा आणि काळा यांतील भेद संध्याकाळच्या दिव्यात नाहीसा होतो. मॅचिंगचा ब्लाउजपीस काढताना हात अडखळतो आणि समोर बसलेल्या बाईच सांगतात, ‘शेठजी, हा नाही, त्याच्या खालचा.’ तेवढ्यावर हसून वेळ निभावली जाते. दुकानातील ट्यूबलाइट बदलली जाते. कधी गिरणीलाही बोल लावला जातो. डोळ्यातील भिंगच पिवळे पडत चालले आहे, ही शंका फार उशिरा मनात येते.

भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू असल्याचे आढळले. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे सांगतात. या दोन आकड्यांचा एकमेकांशी निकटचा संबंध आहे. मधुमेही व्यक्तीस मोतीबिंदू होण्याचा संभव इतरांच्या तुलनेत दोन ते पाच पट असतो, आणि तो वयाच्या अलीकडच्या टप्प्यावरच गाठतो.

अलीकडे अनेक घरांत कर्बोदके, म्हणजे पोळी, भात, साखर, बटाटा यांसारखे पिष्टमय व गोड पदार्थ, कमी करण्याची लाट आली आहे. तिच्यासोबत डोळ्यांविषयी दोन समजुती समाजात फिरत आहेत. लग्नकार्यात चार मंडळी एकत्र बसली की दोन्ही हमखास ऐकू येतात. पहिली अशी की, पोळी-भात सोडा, मोतीबिंदू आपोआप विरघळेल, शस्त्रक्रियेचे कारणच उरणार नाही. दुसरी नेमकी उलट: अमक्याने भात सोडला आणि पंधरा दिवसांत त्याची नजर अधू झाली. पहिल्या समजुतीपायी शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे लांबणीवर पडते. दुसरीपायी हिताचा आहार अर्ध्यावर टाकला जातो. दोन्हींमुळे होणारे नुकसान खरे आहे, म्हणून दोन्हींची नीट छाननी आवश्यक आहे.

कर्बोदके कमी केल्याने दृष्टी सुधारते, हा दावा नवा नाही. तो किमान दीडशे वर्षांचा आहे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ होते. अंत्यविधीची व्यवस्था पाहणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि इंग्लंडच्या राजघराण्याचे कामही त्यांच्या पेढीकडे असे. उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, अशी १८६२ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांची स्थिती होती. बुटाची नाडी बांधता येत नसे आणि जिना उतरताना त्यांना पाठमोरे, सावकाश उतरावे लागे. ऐकू कमी येते म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या शल्यचिकित्सकाकडे गेले. पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची यकृत आणि मधुमेह या विषयावरील व्याख्याने हार्वे यांनी ऐकलेली होती. त्यांनी कानाला औषध देण्याऐवजी पाव, साखर, बटाटा, बिअर आणि दूध बंद करावयास सांगितले. वर्षभरात बँटिंग यांचे वजन सुमारे ४६ पौंडांनी उतरले. १८६३ मध्ये त्यांनी स्थूलतेवर एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली आणि तीत वजनाबरोबरच आपली दृष्टी व श्रवणशक्तीही सुधारल्याचे नमूद केले. पुस्तिका इतकी गाजली की स्वीडिश भाषेत वजन उतरविण्याच्या क्रियापदात त्यांचे आडनाव आजही टिकून आहे. (इन्सुलिन शोधणारे बँटिंग ते निराळे.) या गृहस्थांचे ताट मात्र मांस आणि मद्य यांनी भरलेले होते. त्यामुळे त्या पथ्याची नक्कल जैन घराच्या स्वयंपाकगृहात होऊ शकत नाही आणि होण्याचे कारणही नाही. पण पथ्यामुळे नजर सुधारल्याचे त्यांचे म्हणणे केवळ भ्रम म्हणून सोडून देता येत नाही. त्याचा उलगडा भिंगाच्या रचनेत सापडतो.

डोळ्यातील भिंग मोठे विलक्षण आहे. त्याला रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. रक्तवाहिनी असती तर ते पारदर्शक राहिलेच नसते. सभोवतालच्या पाण्यासारख्या द्रवातून ते आपले पोषण घेते. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाणी असून उरलेला बहुतेक भाग प्रथिनांचा आहे. ही प्रथिने शरीरातील इतर प्रथिनांसारखी झिजून पुन्हा नव्याने तयार होत नाहीत. भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने माणूस जन्मताना जी असतात, तीच अखेरपर्यंत साथ देतात. सत्तर वर्षे एकच वस्त्र न बदलता वापरावे, तसा हा प्रकार आहे. ऊन, तंबाखू, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडसारखी औषधे आणि नुसते वय यांनीही त्यावर डाग पडतात. परंतु प्रस्तुत विषय साखरेचा आहे.

रक्तातील ग्लुकोज स्नायूंमध्ये शिरताना इन्सुलिनची मदत लागते. भिंगाच्या दारावर असा पहारेकरी नाही. रक्तात साखर वाढली की सभोवतालच्या द्रवात वाढते आणि तेथून ती थेट भिंगात जाते. आत अल्डोज रिडक्टेज नावाचे विकर तिचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर करते. सॉर्बिटॉल पेशीतून सहजासहजी बाहेर पडत नाही. तेथेच साठत जाते आणि मिठाच्या बरणीसारखे पाणी ओढून घेते. भिंग फुगते. याखेरीज जादा साखर प्रथिनांना चिकटते, ती प्रथिने एकमेकांत गुंततात, पिवळट होतात आणि प्रकाश अडवू लागतात. पहिली क्रिया दिवसांत घडते आणि बऱ्याच अंशी परत फिरते. दुसरी वर्षानुवर्षे घडते आणि परत फिरत नाही. सारा घोटाळा या दोन क्रिया एकच समजण्यातून झाला आहे.

समजा, पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दोन-तीन वर्षे साखर तपासलेली नाही, आणि ती हळूहळू चढून उपाशीपोटी ३०० च्या घरात गेली आहे. भिंग फुगल्यामुळे त्यांची दृष्टी किंचित जवळची झाली. परिणाम असा की, बिलबुकातील बारीक अक्षरे चाळिशीशिवाय दिसू लागली. घरात आनंद झाला की, चष्मा सुटला! वास्तविक तो आनंदाचा नव्हे, तपासणीचा प्रसंग होता. काही प्रकारच्या मोतीबिंदूतही भिंगाचा गाभा घट्ट होऊन असेच घडते. वृद्ध माणसे म्हणतात की, या वयात दुसरी दृष्टी आली. ती काही महिने टिकते आणि मग दूरचे, जवळचे, दोन्ही धूसर होते. म्हणून साठीच्या आसपास जवळचा चष्मा अचानक नकोसा झाला, तर पेढे वाटण्याआधी रक्तातील साखर आणि डोळे, दोन्ही पाहून घ्यावेत.

आता हेच गृहस्थ कोणाच्या सांगण्यावरून भात, मिठाई आणि गोड चहा एकदम बंद करतात, औषधही सुरू होते आणि आठवड्याभरात साखर १३० वर येते. रक्तातील साखर उतरली, पण भिंगातील सॉर्बिटॉल तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. आत-बाहेरचा समतोल बिघडतो, पाण्याची उलाढाल होते आणि डोळ्याचा नंबर एकदम अधिकच्या दिशेने सरकतो. आठव्या-दहाव्या दिवशी मोबाइलवरील नाव वाचता येत नाही. मोजपट्टीवरील आकडे एकमेकांत मिसळतात, जुना चष्मा कुचकामी ठरतो. गृहस्थ घाबरतात. भात सोडला आणि डोळे गेले, अशी वार्ता पेठभर होते. वस्तुतः हा मोतीबिंदू नव्हे आणि आहाराने केलेली इजाही नव्हे. साखर स्थिर ठेवली तर साधारण महिना-दोन महिन्यांत भिंग नव्या स्थितीशी जुळते आणि दृष्टी ठिकाणावर येते. दरम्यान घाईने नवा चष्मा करून घेतला, तर तो चष्मा महिनाभरात बाद होतो. दोन-चार हजार रुपये वाया जातात ते वेगळेच. नेत्रतज्ज्ञ म्हणूनच साखर काही आठवडे स्थिर झाल्याखेरीज नंबर काढून देत नाहीत. तोवर कामापुरता एखादा साधा वाचनाचा चष्मा वापरावा.

घाबरण्याची लक्षणे निराळी आहेत आणि ती पाठ असावीत. एकाच डोळ्याची नजर अचानक जाणे, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे वाटणे, विजेसारख्या चमका, काळ्या ठिपक्यांचा एकदम वर्षाव, किंवा डोळा लाल होऊन असह्य दुखणे. यांपैकी काहीही झाले तर आहाराची चर्चा न करता त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.

मग झालेला मोतीबिंदू आहाराने जातो काय? एक अपवाद वैद्यकशास्त्राला ज्ञात आहे. गॅलॅक्टोसेमिया नावाच्या जन्मजात विकारात अर्भकाला दुधातील साखर पचविता येत नाही. ती वर सांगितलेल्याच मार्गाने भिंगात साठते आणि तान्ह्या बाळाला मोतीबिंदू होतो. अगदी सुरुवातीलाच निदान होऊन दूध बंद केले, तर तो निवळू शकतो. तरुण मधुमेह्यांत क्वचित दिसणारा, साखर भडकल्याने झटपट आलेला मोतीबिंदूही साखर आटोक्यात आल्यावर काही प्रमाणात निवळल्याच्या नोंदी आहेत. परंतु पन्नाशी-साठीत वयामुळे व प्रथिनांच्या गुंतण्यामुळे जो मोतीबिंदू होतो, तो कोणत्याही पथ्याने, थेंबाने वा चूर्णाने विरघळत नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. विरघळविण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींवर समाजातील सुशिक्षित मंडळीही पैसे घालवितात, ही खेदाची गोष्ट होय.

आहाराने मोतीबिंदूची वाटचाल मंदावते का, हा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि त्याचे उत्तर एकमार्गी नाही. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील परिचारिकांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त कर्बोदके घेणाऱ्या स्त्रियांत भिंगाच्या बाहेरील थरातील डाग दुपटीहून अधिक प्रमाणात आढळले. ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागातील पाहणीने २००७ मध्ये त्याच अंगाचा निष्कर्ष दिला. रक्तातील साखर झपाट्याने वाढविणारे पदार्थ अधिक घेणाऱ्यांत त्या थराचा मोतीबिंदू अधिक होता. याउलट २००४ मध्ये अमेरिकेतच परिचारिका आणि पुरुष आरोग्य व्यावसायिक अशा दोन्ही मोठ्या गटांना धरून झालेल्या अभ्यासात आहारातील साखरेचा भार आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांचा संबंध दिसला नाही. दोन गोष्टी एकाच पानावर आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे नव्हे, हे जमाखर्च लिहिणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. कर्बोदके कमी खाणारी माणसे बहुधा इतर बाबतींतही निराळी असतात.

रक्तातील साखरेची बाजू त्यामानाने भक्कम आहे. इंग्लंडमधील मधुमेह्यांच्या प्रदीर्घ अभ्यासाच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, तीन महिन्यांची सरासरी साखर दर्शविणाऱ्या एचबीए१सी या चाचणीचा आकडा १ टक्क्याने कमी असेल, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया १९ टक्क्यांनी कमी आढळल्या. म्हणून असे म्हणता येते की, कर्बोदके कमी केल्याचा लाभ डोळ्याला मिळतो तो साखरेच्या मार्गाने. ज्याची साखर मुळातच ठीक आहे, त्याने पोळी सोडून मोतीबिंदू टळेल अशी आशा बाळगू नये. ज्याची साखर चढलेली आहे, त्याला ताटातील प्रत्येक चतकोर पोळीचा हिशेब डोळ्यासाठी मोलाचा आहे.

शाकाहारी मंडळींना एक समाधानाची बाब. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी चाळिशीपुढील २७ हजारांहून अधिक मधुमेह नसलेल्या व्यक्तींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. भरपूर मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांत मोतीबिंदूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी आणि दूधही न घेणाऱ्यांत सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसले. कर्बोदके कमी करावयाची म्हणजे मांसाहाराकडे वळावे लागते, असे तरुण पिढीला कोणी सांगत असेल तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवावा.

परंतु भारतीय शाकाहारी ताट म्हणजे इंग्लंडमधील शाकाहारी ताट नव्हे. ‘इंडियाब’ पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक भागानुसार भारतीयांच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. सकाळी पोहे किंवा खाकरा, दुपारी पोळ्या आणि वरण-भात, चारला चहा-फरसाण, सूर्यास्तापूर्वी पुन्हा पोळी किंवा खिचडी. डाळ आहे, पण वाटीच्या तळाशी. भाजी आहे, पण तोंडी लावण्यापुरती. आणि गादीवरचा चहा! पेठेत येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याबरोबर अर्धा-अर्धा कप म्हणत दिवसाला आठ चहा होतात. दर चहात दोन चमचे साखर आणि चमचाभर साखर ४ ते ५ ग्रॅम धरली, तर केवळ शिष्टाचारापोटी ६४ ते ८० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसाकाठी वरून घातलेल्या साखरेची इष्ट मर्यादा सुमारे २५ ग्रॅम सांगितली आहे. पोळीला हात लावण्याआधी हा खर्च कमी करणे शहाणपणाचे ठरेल.

कंदमूळ वर्ज्य असल्याने बटाटा आपोआप टळतो, हे खरे. पण त्याची जागा कच्च्या केळ्याच्या वेफरने आणि भाजीने घेतली, तर पिष्टात मोठा फरक पडत नाही. गाजर खात नाही म्हणून डोळे कमजोर होतात, ही भीतीही निराधार आहे. गाजरातील डोळ्यांना उपयुक्त द्रव्य मेथी, पालक, तांदुळजा, शेवग्याचा पाला, लाल भोपळा आणि पपई यांतून मिळते. खरा प्रश्न निराळाच आहे. अष्टमी-चतुर्दशीला आणि चातुर्मासात पुष्कळ घरांत हिरव्या भाज्यांचा त्याग असतो. आयंबिलात दूध, तूप, तेल, साखर आणि भाजी यांपैकी काहीच नसते. उरते ते धान्य आणि कडधान्य. तपाचे मोल येथे चर्चेचा विषय नाही. शरीराच्या हिशेबात मात्र त्या दिवसांत धान्याचा वाटा वाढतो आणि भाजी-फळांचा घटतो, एवढी नोंद घ्यावी लागते. उत्तर आणि दक्षिण भारतातील साठीपुढील साडेपाच हजारांहून अधिक लोकांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात ‘क’ जीवनसत्त्व अधिक, त्यांच्यात मोतीबिंदू कमी असा संबंध आढळला होता. म्हणून ज्या दिवशी त्याग नाही, त्या दिवशी पालेभाजी, आवळा, लिंबू, मोसंबी यांना ताटात पाहुण्यासारखे नव्हे, यजमानासारखे स्थान द्यावे. गोळ्यांनी ते काम होत नाही. अमेरिकेतील दोन मोठ्या प्रयोगांत, २००१ आणि २०१३ मध्ये, जीवनसत्त्वांच्या व तत्सम द्रव्यांच्या गोळ्यांनी मोतीबिंदूत एकंदरीत लाभ दिसला नाही.

पोळी-भात कमी केल्यावर पोट कशाने भरावयाचे? मूग, मटकी, तूर, हरभरा, दूध, पनीर, शेंगदाणे, बदाम, तीळ, जवस. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत दही-ताक एका जेवणात आणि डाळ दुसऱ्यात, अशी विभागणी सहज करता येते. मोड आणलेले कडधान्य वर्ज्य मानणारे भिजवलेले मूग मोड येण्यापूर्वीच शिजवू शकतात. वर उल्लेखिलेल्या २०२५ च्या पाहणीत कर्बोदकांतील ५ टक्के उष्मांक वनस्पतिजन्य किंवा दुधाच्या प्रथिनांतून घेतल्यास मधुमेहाचा संभव कमी असल्याचे आढळले. त्याच पाहणीतील आणखी एक गोष्ट अनेकांना रुचणार नाही. मैदा किंवा पांढरा तांदूळ सोडून तितक्याच प्रमाणात गहू-बाजरीचे पीठ खाल्ले, तर तेवढ्याने लाभ दिसला नाही. एकूण कर्बोदके कमी होणे आवश्यक होते. तीन पोळ्यांऐवजी तीन भाकऱ्या, हा बदल म्हणजे खात्याचे नाव बदलण्यापुरताच. चौविहारामुळे संध्याकाळचे जेवण लवकर होते, ही समाजाची जुनी जमा आहे. मात्र सूर्यास्ताआधी घाईघाईत चार पोळ्या आणि वर शिरा, असे होत असेल तर ती जमा बरीचशी खर्ची पडते.

अतिरेकी पथ्य, ज्यात दिवसाला २० ते ५० ग्रॅमच कर्बोदके असतात, ते वैद्याच्या देखरेखीशिवाय करू नये. धान्य आणि डाळी दोन्ही बंद झाल्या तर थायमिन हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व कमी पडते. अशा पथ्यावर असलेल्या दोन मुलांची दृष्टिमज्जा दुर्बल होऊन नजर मंदावल्याची आणि थायमिन दिल्यावर सुधारल्याची नोंद १९७९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. शाकाहारी व्यक्तींनी, विशेषतः मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. त्याच्या तुटीचा परिणामही दृष्टिमज्जेवर होऊ शकतो.

औषधे चालू असणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना सांगावे आणि मगच पथ्य अथवा तप आरंभावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी पूर्वीच्याच मात्रेत आणि ताट अर्धे, असे झाले तर साखर धोकादायकरीत्या उतरते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी घेणाऱ्याने कर्बोदके एकदम तोडली किंवा निराहार उपवास धरला, तर रक्तातील साखर फारशी न वाढताही रक्त आम्ल होऊ शकते. ओकाऱ्या, धाप, ग्लानी ही त्याची लक्षणे आहेत. पारण्याच्या दिवशी दीर्घ उपवासानंतर उसाचा रस किंवा साखरपाणी घेतले जाते. मधुमेही तपस्व्याचे पारणे कशाने व्हावे, हे गुरुमहाराज आणि डॉक्टर दोघांना विचारून आधीच ठरवावे.

आणखी एक सूचना सर्वांत कमी पाळली जाते. अनेक वर्षे साखर चढलेली असेल, तर आहार बदलण्यापूर्वी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. अमेरिका व कॅनडातील मधुमेह्यांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात साखर कसून आटोक्यात आणलेल्या काही रुग्णांच्या दृष्टिपटलाचा विकार पहिल्या वर्षात तात्पुरता वाढला होता. पुढील वर्षांत त्याच गटाला मोठा लाभ झाला, म्हणजे साखर उतरविणे योग्यच होते. पण विकार आधीपासून असेल तर तो नेत्रतज्ज्ञाच्या नजरेखाली असावा. भिंग धूसर झाले तर बदलता येते. दृष्टिपटल बदलता येत नाही.

भिंग बदलण्याची विद्या आता पंचाहत्तर वर्षांहून अधिक जुनी आहे. लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे घुसूनही डोळा ते सहन करतो हे पाहिले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याच पदार्थाचे कृत्रिम भिंग त्यांनी प्रथम बसविले. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावे, हा पूर्वीचा सल्ला आता लागू नाही. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अधिक जिकिरीचे असते. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की ती योग्य वेळ. मधुमेह्याने त्यापूर्वी साखर आटोक्यात आणावी आणि येथे कर्बोदके कमी करण्याचे पथ्य मोठे साहाय्य करते. जखम लवकर भरते व जंतुसंसर्गाचा धोका घटतो. बँटिंगचे पथ्य शस्त्रक्रियेऐवजी नव्हे, शस्त्रक्रियेआधी कामी येते, असे म्हणावयास हरकत नाही.

पट्टी निघाल्यावर पुष्कळांना प्रथम जाणवतो तो निळा रंग. आकाश, भिंतीवरील कॅलेंडर, शेजारणीची साडी, सारे अनपेक्षितपणे निळे दिसते. पिवळ्या भिंगाने इतकी वर्षे तो रंग अडवून ठेवलेला असतो. अक्षरांचा नंबर साधारण महिन्या-दीड महिन्याने काढतात. तोपर्यंत दुकानात जाऊन बसावयास प्रत्यवाय नाही, फक्त डोळ्यात धूळ आणि पाणी जाऊ देऊ नये. आणि मोतिया म्हणून बाजूला ठेवलेली थाने एकदा पुन्हा उलगडून पाहावीत. त्यांतील काही पांढरी निघतील.

जय जिनेंद्र.